टाइलखालचं अर्थिंग

"हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण आज काय ते सांगूनच जा," वेंकोबराव म्हणाले आणि पार्किंगमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले.

खुर्चीसमोर पांढरी इलेक्ट्रिक कार उभी होती. तिच्या एका बाजूला घरमालक वेंकोबराव, दुसऱ्या बाजूला त्यांची खालच्या मजल्यावरची भाडेकरू मृणाल आणि मधे मेजरिंग टेप घेऊन मी. मृणालला घरी चार्जर हवा होता. वेंकोबरावांना तो नको होता. दोघांनी मिळून निकाल माझ्यावर सोपवला होता, कारण तीस वर्षांपूर्वी ह्या घराचं वायरिंग मी केलं होतं.

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर. सुरुवात बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅनेल जोडण्यापासून झाली. मग लायसन्स काढलं आणि घरं, दुकानं, लग्नाचे हॉल, मिळेल ते केलं. साठी उलटल्यावर हत्यारं पेटीत ठेवली होती. पण गाड्या विजेवर पळायला लागल्या आणि फोन पुन्हा वाजायला लागले. आमचं घराणं बेंगळुरूत किती पिढ्यांचं आहे ते आमच्यातल्या कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, भांडण जुंपलं की कन्नडवर जातो. वेंकोबराव आमच्यातलेच. बँकेतून रिटायर झालेले, बायको रुक्मिणीअक्का गेल्यापासून वरच्या मजल्यावर एकटेच राहतात.

"ज्यानं घरात करंट आणला त्यालाच विचारू," ते मृणालला म्हणाले होते. "अण्णा सरी म्हणाला तर माझंपण सरी."

सरी म्हणजे कन्नडमधे ठीक. हे ऐकून माझी छाती दोन इंच फुगली, कबूल करतो. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

मृणाल मूळची नागपूरची. पीण्यात एका छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यात क्वालिटी बघते. राहायला के. आर. पुरमला, म्हणजे शहराच्या ह्या टोकाला, आणि नोकरी त्या टोकाला. तिनं मोबाइल काढून मला फोटो दाखवायला सुरुवात केली.

"अंकल, मी सगळा रिसर्च केलाय. सेव्हन पॉइंट फोर किलोवॉटचा वॉलबॉक्स, भिंतीवरचा मोठा चार्जर. ॲप आहे, वायफाय आहे. डीलर म्हणाला दोन दिवसांत बसवून देतो."

"गाडी रोज किती चालते?"

"पन्नास किलोमीटर. बाबांची फिजिओथेरपी असली तर साठ."

मी टेप खिशात टाकली. इथं जरा हिशेब सांगतो, कारण तो कळला की माणूस अर्धा फसायचा वाचतो. गाडीची बॅटरी म्हणजे टाकी आणि चार्जर म्हणजे ती भरणारा पाइप. मोठा चार्जर म्हणजे जाड पाइप. टाकी रोज पूर्ण रिकामी होत असेल तर जाड पाइप घ्यावा. मृणालची गाडी पन्नास किलोमीटरला सात-आठ युनिट वीज खाते. आपण गीझरला वापरतो तो साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट तासाला तीन युनिट सहज देतो. म्हणजे अडीच-तीन तासांत दिवसभराचं भरून निघतं. गाडी तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत उभीच असते. वॉलबॉक्स लावायचा तर घराचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीनं एका वेळी किती वीज ओढायची परवानगी दिली आहे ते, दुपटीपेक्षा जास्त वाढवावा लागला असता. सॉकेटला थोडाच वाढवून भागत होतं.

"हे बघ मृणाल, वॉलबॉक्स बसवला तर डीलर मला कमिशन देतो," मी म्हटलं. "हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं खरं वाटेल. तुला तो नको. सॉकेट पुरे. पण स्वतंत्र लाइन, जाड केबल आणि तिचा स्वतःचा एमसीबी, भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. खिडकीतून एक्स्टेंशन सोडून चार्जिंग करायचं नाही."

तिचा चेहरा जरा पडला. ॲप आणि वायफाय गेलं ना. मग हिशेब डोक्यात उतरला तशी ती हसली.

"पण गाडीनं पेट घेतला तर?" वेंकोबराव खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या मोबाइलमधे कुठल्या कुठल्या जळत्या गाड्यांचे व्हिडिओ साठवलेले होते. "मेट्रो आहे की. सगळं शहर मेट्रोनं जातं. गाडीच कशाला, म्हणतो मी."

"काका, मला कारखान्यात फोन आला की लगेच निघावं लागतं," मृणाल म्हणाली. "मेट्रो बदलून, मग ऑटो शोधून, दीड तास. आणि बाबांना फिजिओला मेट्रोनं कसं नेऊ?"

मग तिनं जे सांगितलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि त्यात रडारड काही नव्हती. तिच्या वडिलांना दीड वर्षापूर्वी स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, बोलणं बरंचसं गेलं. आई आधीच गेलेली. त्यांना सांभाळायला एजन्सीचा माणूस येतो, मंजुनाथ. तो सात वाजता जातो, त्याचंही घर आहे. दर तिसऱ्या दिवशी मृणालला येताना मॉलच्या बेसमेंटमधल्या चार्जरवर थांबावं लागतं. पुढे दोन गाड्या असल्या की साडेआठ झाले. अशाच एका संध्याकाळी ती आली तेव्हा बाबा बाथरूमच्या दाराशी पडलेले होते. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही.

"ताई म्हणते आता एकदा जरी असं झालं तरी मी त्यांना नागपूरला घेऊन येते. तिच्याकडे आधीच जागा नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. बाबांना आतल्या खोलीत ठेवतील. इथं निदान दारात बसून रस्ता बघतात." तिनं आतल्या दाराकडे बघितलं. "मला नाही पाठवायचं त्यांना."

वेंकोबरावांनी मोबाइल खिशात ठेवला. मी मनात ठरवून टाकलं की हे काम होणार.

तेवढ्यात आतून आवाज आला. मंजुनाथ बाबांना अंघोळीला नेत होता आणि बाबा दाराची चौकट सोडत नव्हते. दहा वाजले होते. मृणाल आत गेली, तिच्यामागून मीही गेलो. बाबा म्हणजे सडपातळ, मोठ्या पंजांचे गृहस्थ. नागपुरात त्यांचं सायकलचं दुकान होतं. डाव्या हातानं त्यांनी चौकट अशी धरली होती की मंजुनाथसारखा गडीही घामाघूम झाला होता.

"रोज हेच, सार," तो कन्नडमधे म्हणाला. "जेवतात, व्यायाम करतात, अंघोळ म्हटली की भांडण."

"बाबा, काहून असं करता जी? पाणी गरम आहे," मृणाल म्हणाली. घरच्या माणसाशी बोलताना तिचं नागपूर बाहेर यायचं.

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "चावतो."

"कोण चावतो?" मी विचारलं.

"नळ."

मंजुनाथ हसला. मृणालही कसनुसं हसली. "स्ट्रोकनंतर शब्द सापडत नाहीत त्यांना. चहाला सायकल म्हणतात, मला कधी ताईच्या नावानं हाक मारतात. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी वाढवून दिलीय."

मीही हसलो. चाळीस वर्षं विजेचं काम केलेला माणूस, समोरचा म्हणतोय नळ चावतो, आणि मी हसलो. तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मी बाहेर आलो आणि कॉफी प्यायलो.

आता अर्थिंगबद्दल सांगायला हवं. घरातल्या प्रत्येक मोठ्या सॉकेटला तीन भोकं असतात. खालच्या दोनांतून वीज येते आणि जाते. वरचं मोठं भोक अर्थिंगचं. त्याची तार थेट अंगणात पुरलेल्या तांब्याच्या पत्र्यापर्यंत जाते. गीझरच्या किंवा फ्रिजच्या धातूच्या अंगात चुकून करंट उतरला तर तो ह्या तारेनं जमिनीत निघून जातो, माणसाला शिवत नाही. ज्या खड्ड्यात तो पत्रा कोळसा-मीठ घालून पुरतात त्याला आम्ही पिट म्हणतो. माती ओली असली तरच पिट काम करतो. कोरड्या मातीतून करंट जात नाही.

म्हणून मी पिट नेहमी पाण्याच्या वाटेवर खोदायचो. वेंकोबरावांच्या अंगणात तेव्हा कपडे धुवायचा दगड होता. रुक्मिणीअक्का रोज सकाळी त्यावर कपडे आपटायच्या आणि सगळं पाणी वाहत पिटवर जायचं. "अण्णा, तुझ्या खड्ड्याला मी रोज अभिषेक घालते," असं त्या म्हणायच्या. त्या पिटचा मला फार अभिमान होता.

आणि नियम असा आहे की कुठलीही गाडीची लाइन टाकण्याआधी पिटचं रीडिंग घ्यायचं. त्याचं वेगळं मीटर असतं. दुसऱ्या कुणी केलेला पिट असला तर मी रीडिंग घेतल्याशिवाय पिशवीतून पक्कडही काढत नाही. वर त्या कॉन्ट्रॅक्टरचा उद्धारही करतो.

"पिट इथंच ना?" मी वेंकोबरावांना विचारलं. अंगणात आता छान करड्या टाइल्स होत्या.

"टाइलखाली आहे. रुक्मिणी गेल्यावर दगड काढला, सगळं साफ करून टाकलं. गाडी लावायला बरं पडतं."

"चांगलं केलंत. माझ्या हातचा पिट आहे, मी मेल्यावरही चालेल," मी म्हटलं. आणि टाइल उचकटायचा त्रास कुणाला द्यायचा नाही म्हणून मीटर पिशवीतच राहिलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

मी सरी म्हटलं, मग मंजूर भार वाढवायचा अर्ज वेंकोबरावांनीच भरला, बँकेतला माणूस, अक्षर सुरेख. मंजुरी आल्यावर मी मृणालच्या मीटरपासून नवी लाइन ओढली. एमसीबी लावला. शिवाय आरसीसीबी लावला, म्हणजे कुठूनही करंट गळायला लागला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडणारं यंत्र. जुन्या घरात तो नव्हता, तेव्हा बसवायची पद्धत नव्हती. सॉकेट भिंतीवर सरळ रेषेत बसला. मी मागे सरकून तो बघितलाही.

मृणालनं त्या भरवशावर संध्याकाळचं गणित बदललं. मॉलमधे थांबणं बंद. उशीर होईल त्या दिवशी तासभर येऊन बसणाऱ्या शेजारच्या बाईंनाही तिनं आता गरज नाही म्हणून सांगितलं. त्या बाईंनी दुसरीकडे काम धरलं.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"अंकल, आज पहिल्यांदाच प्लग लावला, तर लाल लाइट येतोय. चार्जच होत नाहीये."

"प्लग काढून परत लाव."

"चार वेळा लावला."

"मग गाडीत काहीतरी असेल. शोरूमला फोन कर."

"केला. ते म्हणतात घराचं अर्थिंग चेक करा."

"माझं अर्थिंग?" मी म्हणालो. आवाज चढला होता, बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. "त्या शोरूमच्या पोरांना काय कळतं? व्हिडिओ बघून शिकलेले सगळे!"

 मृणाल हळूच म्हणाली, "अंकल, गाडीत पंधरा टक्के उरलेत. सोमवारी मी पीण्याला पोचणार नाही. आणि त्या बाईपण आता येणार नाहीत." मागून वेंकोबरावांचा आवाज ऐकू येत होता, "मी म्हटलं होतं, नको, बेडा म्हटलं होतं!"

रविवारी सकाळी नऊला मी मीटर घेऊन पोचलो. गाडीबरोबर सॉकेटला लावायचा पोर्टेबल चार्जर येतो, तो मोठा हुशार असतो. चार्जिंग सुरू करण्याआधी तो अर्थिंग शोधतो, सापडलं नाही तर लाल लाइट लावून बसून राहतो. गीझर, फ्रिज, वॉशिंग मशीन असलं काही विचारत नाहीत. अर्थिंग असो नसो, ती मुकाट चालत राहतात.

जमिनीत दोन सळया ठोकल्या, वायरी जोडल्या, बटण दाबलं. घराला पाच ओहमच्या आत रीडिंग असलं की मी पास करतो. मीटरवर दोनशे चाळीस आलं.

मी वायरी काढून परत जोडल्या. दोनशे चाळीस.

"किती?" वेंकोबरावांनी विचारलं.

"टाइल काढायला लागेल."

टाइल काढली. खालची माती भाजलेल्या विटेसारखी झाली होती. दगड गेला, पाणी गेलं, वर टाइल बसली, पावसाचा थेंबही आत जाईना. पत्र्यापासून वर आलेली लोखंडी पट्टी हातात घेतली तर गंजून तिचा भुगा झाला. माझं मेल्यावरही चालणारं अर्थिंग माझ्याआधीच मेलं होतं. मला खरंच लाज वाटली. मी उकिडवा बसलो होतो तसाच बसून राहिलो.

वेंकोबराव शेजारी उभे होते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते वेगळंच बोलले.

"अण्णा, म्हणजे वरच्या नळाला स्वल्प झिणझिण येते ती ह्याच्यामुळे काय?"

मी मान वर केली. "कसली झिणझिण?"

"गीझर लावला की. एक-दीड वर्ष झालं असेल. हात लावला की चुर्र होतं. काय नाही, मी रबरी चप्पल घालून अंघोळ करतो, मग येत नाही."

"चप्पल घालून अंघोळ करता, पण मला फोन नाही केलात?"

"एवढ्याशासाठी कशाला त्रास द्यायचा, म्हटलं."

आमच्या लोकांची ही खोडच आहे. दुसऱ्याला त्रास नको म्हणून स्वतः चप्पल घालतील. टाइल उचकटायला नको म्हणून मी मीटर पिशवीत ठेवलं होतं, तेही त्यातलंच.

"गीझर कधी लावता?"

"वॉक, पेपर, नाष्टा झाला की. दहाच्या सुमाराला."

दहा म्हटल्याबरोबर मला खालची अंघोळ आठवली. वरच्या आणि खालच्या मजल्याची अर्थिंगची तार एकच. वरच्या गीझरचं कॉइल गळत असेल तर तो करंट तारेनं जमिनीकडे निघणार. पिट मेलेला, जमीन घेत नाही. मग तो तिथंच तुंबून राहणार, आणि त्या तारेला जोडलेल्या प्रत्येक धातूच्या वस्तूत उतरणार. खालच्या गीझरच्या अंगात. त्याला जोडलेल्या लोखंडी पाइपात. आणि नळात.

"वर जाऊन गीझर लावा," मी वेंकोबरावांना म्हटलं. "नळाला हात लावू नका. मी सांगेपर्यंत बंदही करू नका."

खाली मृणालच्या बाथरूममधे गेलो. मल्टिमीटरची एक तार नळाला लावली, दुसरी ओल्या फरशीतल्या जाळीवर धरली. मृणाल आणि मंजुनाथ दारात उभे होते. आकडा आला. सत्तर व्होल्ट. बहात्तर. सत्तर. तिथं शून्य हवा असतो.

"वेंकोबराव, बंद करा!" मी ओरडलो. आकडा शून्यावर आला.

"तू अंघोळ किती वाजता करतेस?" मी मृणालला विचारलं.

"सहाला. का?"

सहाला वरचा गीझर बंद असतो. मी मंजुनाथच्या पायांकडे बघितलं. एजन्सीची शिस्त, पायात रबरी चप्पल, अंघोळ घालताना हातात रबरी ग्लोव्हज. त्याला कधी काही जाणवणार नव्हतं.

"आणि बाबा? कसे बसतात?"

मंजुनाथनं दाखवलं. प्लास्टिकची खुर्ची. पाय खाली ओल्या फरशीवर, अनवाणी. तोल जाऊ नये म्हणून डाव्या हातानं नळ घट्ट धरायचा. "मीच सांगतो, सार, घट्ट धरा म्हणून," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला कळलं. 

धडधाकट माणूस असा झटका बसला की हात ओढून घेतो. बाबांचा तोच एक हात चालत होता. तो सोडला तर पडायचं, धरला तर हे. दररोज सकाळी दहा वाजता त्यांना त्या खुर्चीवर बसवलं जायचं. करंट हा शब्द त्यांना सापडत नव्हता. जो सापडला तो त्यांनी सगळ्यांना सांगितला, मलासुद्धा सांगितला, आणि आम्ही त्यांची गोळी वाढवली.

 मृणाल दारात बसलेल्या बाबांच्या खुर्चीजवळ गेली, जमिनीवर बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. "तुम्ही सांगत होते ना जी. रोज सांगत होते." बाबा डाव्या हातानं तिचे केस सारखे करत होते. मला तिथं उभं राहवेना. मी बाहेर येऊन टाइलच्या तुकड्यांकडे बघत राहिलो. वेंकोबराव जिन्यावर उभे होते, गीझरच्या बटणावरून हात काढून तसेच आलेले. "मी चप्पल घातली, अण्णा," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मी चप्पल घालत होतो आणि खाली तो माणूस..."

त्या दिवशी दोन्ही गीझरचे प्लग मी काढून टाकले. पाणी गॅसवर तापवायचं आणि बादलीतूनच घ्यायचं, नळाला कुणी बोट लावायचं नाही. सोमवारपासून काम सुरू केलं. खोदायला दोन माणसं लावली, नवा पिट केला, नवा तांब्याचा पत्रा, नवी पट्टी. वर झाकणाचा चौकोन ठेवला, टाइल नाही, आणि वॉशिंग मशीनचं पाणी तिकडे वळवलं. वरच्या गीझरचं कॉइल बदललं. दोन्ही मजल्यांच्या मेन बोर्डात आरसीसीबी बसवले. बाथरूममधे बाबांना धरायला भिंतीत प्लास्टिकचा दांडा बसवला. ह्यातलं काहीही मी कुणाला विचारून केलं नाही आणि माझ्या मजुरीचं बिलही दिलं नाही. वेंकोबरावांनी त्या आठवड्यात मृणालला पीण्याची मेट्रो पकडून दिली आणि संध्याकाळी ती येईपर्यंत स्वतः खाली बाबांजवळ बसले. मराठीत एकटेच बोलायचे, बाबा ऐकायचे.

शुक्रवारी रीडिंग घेतलं. दोन पॉइंट एक. मी तीनदा घेतलं. संध्याकाळी मृणालनं गाडी लावली, चार्जरवर हिरवा लाइट आला आणि आकडा चढायला लागला. ती टाळ्या वगैरे वाजवेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त हुश्श केलं.

खरी परीक्षा शनिवारी सकाळी दहाला होती. वरचा गीझर मुद्दाम लावून ठेवला. बाबांना बाथरूमपर्यंत आणलं, पण चौकटीशी त्यांचा हात पुन्हा घट्ट झाला. त्यांचं बरोबरच होतं. आमच्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

मी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो. नळ हातात धरला. सोडला नाही. मृणालही आत आली, अनवाणी, आणि तिनं माझ्या हाताशेजारी हात ठेवला. बाबा आमच्या हातांकडे बघत होते, तोंडाकडे नाही. सायकलवाला माणूस, त्याला हाताचंच खरं वाटणार.

बऱ्याच वेळानं त्यांनी चौकट सोडली. मंजुनाथनं धरून पुढे आणलं. एक बोट नळाला लावलं आणि मागे घेतलं. मग दोन बोटं. मग आख्खा पंजा. तसेच उभे राहिले. ओठ हलत होते, काहीतरी शोधत होते. आम्ही कुणीच मदत केली नाही.

"करंट," ते म्हणाले. मग मान हलवली. "नाही."

दीड वर्षानं सापडलेला शब्द होता तो. मृणालनं तोंड फिरवलं. मीही फरशीकडे बघितलं.

बाबा अजून बेंगळुरूलाच आहेत, दारात बसून रस्ता बघतात. वाढवलेली गोळी डॉक्टरांनी पुन्हा कमी केली. वेंकोबराव आठवड्यातून एकदा झाकण उघडून पिटमधे बादलीभर पाणी घालतात. मशीनचं पाणी जातंच, तरी घालतात. अभिषेक म्हणतात.

आता मला लोक फोन करतात, अण्णा, घरी चार्जर बसवणं परवडतं का? मी किलोमीटर विचारतो, मंजूर भार विचारतो, बहुतेकांना साधा सॉकेट पुरतो हेही सांगतो. पण त्याआधी एक प्रश्न विचारतो. घरात कुणाला नळ चावतो का? लहान मूल, म्हातारं माणूस, भांडीवाली, कुणीही. लोक हसतात. मी हसत नाही. आधी पिशवीतून मीटर काढतो, आणि काम माझ्या हातचं असलं तर दोनदा लावतो.